बोटीच्या केबिनमध्ये हीटर बसवायचा तर

(एपिसोडचं लिखित रूप. बोललो तसंच ठेवलंय, फक्त "म्हणजे काय ना" आणि "अ‍ॅक्च्युअली" एवढे कमी केलेत.)

आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, याला ऊन लागलंय. नंदुरबार जिल्ह्यात बसून हा माणूस हीटरच्या गोष्टी करतोय, तेही बोटीतल्या! पण प्रश्न माझा नाही. धडगाव तालुक्यातल्या एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. त्याच्या मामाची लाँच आहे, नर्मदेच्या फुगवट्यात चालते. बाजाराला जाणारी माणसं, लग्नाचं वऱ्हाड, कधी पाहुण्यांना फिरवून आणणं, आणि अडीअडचणीला पेशंट. थंडीत रात्री मामा आणि एखादा पोरगा लाँचमध्येच झोपतात. केबिन म्हणजे फायबरचं छप्पर आणि तीन बाजूंनी ताडपत्री. आणि आत, झोपताना, निखाऱ्यांची शेगडी. या पोराने रीलमध्ये ऑनलाइन मिळणारा डिझेल हीटर बघितला आणि विचारलं, "दादा, हा मामाच्या लाँचमध्ये बसेल का? कसा बसवायचा?"

बसेल. पण व्हॉइस नोटमधला "शेगडी" हा शब्द ऐकला आणि मी आधी त्याला फोन केला. त्याला जे सांगितलं ते तुम्हालाही आधी सांगतो, हीटर नंतर.

आपल्या बाहेरच्या श्रोत्यांसाठी थोडा भूगोल. नर्मदा ही नंदुरबार जिल्ह्याची उत्तरेकडची हद्द. अक्कलकुवा आणि धडगाव, म्हणजे अक्राणी, या दोन तालुक्यांतली ३३ गावं सरदार सरोवराच्या पाण्याने बाधित झाली. मणिबेली हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव. १७ जून २०१७ ला धरणाचे दरवाजे बंद झाले, आणि २०१९ च्या सप्टेंबरमध्ये पाणी पहिल्यांदा १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत चढलं. जिथे दरी होती तिथे आता लांबच लांब तलाव आहे, आणि कित्येक पाड्यांना रस्त्यापेक्षा पाणीच जवळचं. म्हणून तिथे तरंगता दवाखाना असतो, बोट अ‍ॅम्ब्युलन्स असते. मुंबईकरांसाठी बोट म्हणजे गेटवेवरून अलिबाग. इथे बोट म्हणजे एसटी.

आणि थंडी? डाब, तोरणमाळ या बाजूला काही वर्षी पहाटे दव गोठल्याच्या बातम्या येतात, फोटो येतात, आपण "खान्देशचं काश्मीर" म्हणून फॉरवर्ड करतो. खाली पाण्याच्या पातळीवर तेवढं गार नसतं. पण दमट असतं, आणि चालत्या बोटीत वारा अंगाला चावतो. रात्री तीन वाजता बाळंतिणीला आणि नुकत्याच जन्मलेल्या बाळाला घेऊन जाताना ही थंडी गंमत राहत नाही. बाळाचं अंग ३६.५ अंशांच्या खाली गेलं की वैद्यकीय भाषेत ते गारठलेलंच मानतात, आणि ओलं, उघडं बाळ काही मिनिटांत तिथवर पोचतं.

शेगडीचं काय चुकतं

कोळसा किंवा लाकूड पूर्ण जळायला भरपूर हवा लागते. ती कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. फुफ्फुसातून रक्तात शिरला की हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो, म्हणजे श्वास चालू असतो पण रक्त ऑक्सिजन उचलतच नाही. आधी डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं, मग गुंगी येते. झोपलेल्या माणसाला तर यातलं काहीच कळत नाही. पोटुशी बाई असेल तर पोटातल्या बाळाला आईपेक्षा जास्त फटका बसतो.

आपल्याकडे एक पक्का गैरसमज आहे: धूर गेला, लालबुंद निखारे उरले, आता शेगडी आत घ्यायला हरकत नाही. उलटं आहे. धूर डोळ्यांत जातो म्हणून तुम्ही निदान बाहेर तरी पळता. निखारे गपचूप तोच वायू सोडत राहतात. दुसरा गैरसमज, हा वायू जड असतो, खाली बसतो, म्हणून वरच्या बाकावर झोपायचं. तोही चुकीचा. तो हवेपेक्षा किंचित हलकाच आहे आणि हवेत सगळीकडे मिसळतो. ताडपत्रीला थोडी फट ठेवली म्हणूनही भागत नाही. वारा फिरला की त्याच फटीतून काय आत येईल, सांगता येत नाही.

गॅसच्या शेगडीचं थोडं वेगळं. ती चांगली जळत असली तरी त्याच केबिनमधला ऑक्सिजन खाते, आणि एक किलो एलपीजी जळून साधारण दीड लिटर पाणी वाफेच्या रूपात हवेत येतं. सकाळी ताडपत्रीला आतून जे पाणी लोंबतं ते नुसतं दव नसतं. गोधडी ओली, अंग ओलं, म्हणजे थंडी पुन्हा तिथेच.

ही भीती फक्त शेगडीपुरती नाही. अमेरिकेत लेक पॉवेल नावाचा तलाव आहे, तोही धरणाचाच. तिथे २००० सालच्या ऑगस्टमध्ये दोन लहान भाऊ हाउसबोटीच्या मागच्या बाजूला पाण्यात खेळताना गेले. जनरेटरचा धूर बोटीच्या मागच्या फळीखाली साठत होता. उघड्या तलावावर, भर उन्हाळ्यात! इंग्लंडमध्ये विंडरमियर तलावावर २०१३ च्या ईस्टरला एका मोटरबोटीत आई आणि तिची दहा वर्षांची मुलगी दगावल्या. इंजिनाच्या कप्प्यात पोर्टेबल पेट्रोल जनरेटर ठेवला होता, त्याला जुगाड करून एक्झॉस्ट जोडला होता आणि तो जोड निसटला. जुगाड हा आपला राष्ट्रीय खेळ आहे हे मला मान्य आहे. एक्झॉस्टच्या बाबतीत मात्र तो खेळू नका.

डिझेल हीटर नेमकं काय करतो

युरोपात ट्रक ड्रायव्हर रात्री इंजिन बंद करून केबिनमध्ये झोपतात, त्यांच्यासाठी ही वस्तू बनली. वेबास्टो आणि एबरश्पेशर या दोन जर्मन कंपन्या यात जुन्या. त्यांचेच हीटर बोटींतही बसतात. आता चिनी बनावटीचे स्वस्तातले भरपूर आलेत, रीलमध्ये दिसतो तो बहुतेक त्यातलाच.

कल्पना सोपी आहे. एक छोटी भट्टी, तिच्याभोवती धातूचं पंख्या-पंख्यांचं कवच. भट्टीत डिझेल जळतं. त्यासाठी हवा एका पाइपने बाहेरून येते आणि धूर दुसऱ्या पाइपने बाहेर जातो. केबिनमधली हवा कवचाच्या बाहेरून फिरते, गरम होते आणि परत केबिनमध्ये येते. म्हणजे जळणाची हवा वेगळी आणि आपल्या श्वासाची हवा वेगळी, दोघींची भेटच होत नाही. शेगडी आणि या हीटरमधला सगळा फरक एवढाच. आणि बसवण्याचं सगळं काम म्हणजे ही भेट पुढची दहा वर्षं होऊ न देणं. धुरासोबत जळणातली वाफही बाहेर जाते, त्यामुळे केबिन कोरडी राहते. हा बोनस.

किती मोठा घ्यायचा? मामाची केबिन सात फूट बाय आठ फूट, उंची पाच. तिला २ किलोवॅट पुरतो. ऑनलाइन सगळे ५ आणि ८ किलोवॅटच्या मागे लागतात, कारण आकडा मोठा आणि किमतीत फारसा फरक नाही. पण मोठा हीटर छोट्या केबिनमध्ये कायम मंद आचेवर चालतो, मंद आचेवर काजळी धरते, आणि दुसऱ्या हिवाळ्यात तो पेटायचंच नाव घेत नाही. छोटा घ्या आणि मधूनमधून अर्धा तास फुल्ल चालवा. जोरात पेटला की काजळी जळून जाते.

डिझेल किती खातो, हे पोराने दोनदा विचारलं होतं. एक लिटर डिझेलमध्ये साधारण १० किलोवॅट-तास उष्णता असते. चांगला २ किलोवॅटचा हीटर पूर्ण जोरात तासाला पाव लिटरच्या आत पितो, मंद असताना त्याच्या निम्मं. रात्रभर मंद आचेवर आठ तास म्हणजे सुमारे एक लिटर. वीजही लागते. पेटताना आतला ग्लो प्लग तापतो तेव्हा १२ व्होल्टवर ८ ते १० अँपिअर, दोन-तीन मिनिटं. मग पंखा आणि पंप मिळून एक ते तीन अँपिअर. दोनचा सरासरी धरला तर रात्रीचे १६ अँपिअर-तास. १०० अँपिअर-तासाची धड बॅटरी हे सहज देते. पण ती इंजिन स्टार्टची बॅटरी नसावी. सकाळी केबिन उबदार आणि इंजिन मुकं, मधोमध पाण्यात. हीटरला वेगळी बॅटरी द्या.

बसवताना

सगळ्यात मोठी गोष्ट आधी, कारण रीलवाले ती सांगत नाहीत. ऑनलाइन मिळतो तो किट ट्रकचा असतो. ट्रकमध्ये हीटरचा एक्झॉस्ट फ्लोअरला भोक पाडून खाली जातो, सायलेन्सर गाडीच्या पोटाखाली, उघड्या हवेत लटकतो. त्या सायलेन्सरला पाणी गळायला बारीक भोक असतं, सांधे नुसते दाबून केलेले असतात. गाडीखाली चार फुंकर धूर गळला तर कोणाचं काय जातंय? बोटीत खाली भोक पाडता येत नाही, खाली नर्मदा आहे. त्यामुळे तोच पाइप आणि तोच सायलेन्सर बोटीच्या आत, बाकाखाली येतो, आणि तीच चार फुंकर तुमच्या उशाशी. म्हणून बोटीसाठी पूर्ण हवाबंद, स्टेनलेस स्टीलचा एक्झॉस्ट पाइप आणि हवाबंद सायलेन्सर वेगळा घ्यावाच लागतो. हीटर स्वस्त असतो, हे सामान नसतं. परवडत नसेल तर हीटर घेऊ नका. यावर मी घासाघीस करणार नाही.

पाइप एकसंध हवा, मध्ये जोड नको. बोटीच्या बाजूला तो जिथून बाहेर पडतो तिथे दुहेरी भिंतीचं मरिन फिटिंग लागतं, नाहीतर तापलेला पाइप फायबरला जाळतो. तोंड पाण्याच्या बरंच वर हवं, आणि बोट भरलेली असताना, एका अंगाला कललेली असतानाही वर हवं. रिकाम्या बोटीवर मोजू नका, बाजाराच्या दिवशी मोजा. तोंडाच्या आधी पाइपला आत हंसाच्या मानेसारखा वर बाक द्यायचा, लाटेचं पाणी उलटं हीटरमध्ये शिरू नये म्हणून. संपूर्ण पाइपवर फायबरग्लासची उष्णतारोधक पट्टी गुंडाळायची. तो पाइप इतका तापतो की ताडपत्री, दोर किंवा लाइफ जॅकेट टेकलं तर पेट घेऊ शकतं. आणि बाहेरचं तोंड ताडपत्रीच्या फटीखाली येता कामा नये. अंतर जितकं मिळेल तितकं घ्या.

हीटर कोरड्या जागी, बाकाखाली, पण बोटीच्या तळाशी पाणी साचतं त्याच्या बराच वर. पेट्रोल इंजिनाच्या कप्प्यात कधीच नाही, पेट्रोलची वाफ आणि आतला जाळ यांची ओळख करून द्यायची नसते. केबिनची हवा जिथून हीटरमध्ये जाते ती जागा केबिनमध्येच असावी, इंजिनाच्या बाजूला नको. नाहीतर इंजिनाचा वास आणि धूर गरम करून तुम्हीच आत फुंकाल. जळणाची हवा बोटीबाहेरून घ्या. गरम हवेचा पाइप आखूड आणि सरळ ठेवा. चार वळणं दिली की हवा अडते, हीटर जास्त तापतो आणि स्वतःच बंद पडतो. लोक म्हणतात "माल खराब निघाला". माल बरा असतो, पाइप वाकडा असतो.

डिझेल इंजिनाच्या लाइनला टी मारून घेऊ नका. टाकीच्या वरच्या बाजूने वेगळी बारीक नळी आत सोडा, तळापासून काही बोटं वर थांबेल अशी. दोन फायदे. तळातलं पाणी आणि गाळ हीटरला जात नाही, आणि हीटर रात्रभर प्याला तरी घरी जाण्यापुरतं डिझेल इंजिनाला उरतं. टाकीपाशी बंद करायचा कॉक द्या. छोटा पंप असतो, टक टक टक वाजतो, तो आडवा लावायचा नाही. तिरका, बाहेर जाणारं टोक वर, म्हणजे हवेचे बुडबुडे अडकत नाहीत. रबरात बसवा, नाहीतर ती टकटक लाकडातून थेट कानात येते आणि पहिल्याच रात्री मामा हीटर उपटून पाण्यात टाकतील.

वायर जाड घ्या, बॅटरीजवळ फ्यूज द्या. बारीक वायरवर ग्लो प्लग तापताना व्होल्टेज पडतं आणि हीटर एरर दाखवून गप्प बसतो. आणि बंद करताना मेन स्विच कधीही काढायचा नाही. रिमोटवरून बंद केलं की पंखा काही मिनिटं चालू राहून भट्टी थंड करतो. त्याआधीच वीज तोडली तर आतली उष्णता आतच राहते, सेन्सर आणि प्लास्टिक भाजून निघतं.

कोणाकडून करून घ्यायचं? ट्रक-बसच्या एसीचं काम करणारा चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन वायरिंग आणि पंप नीट करेल. बोटीच्या भिंतीतलं भोक फायबरच्या कारागिराकडूनच. आणि प्रवासी बोट असेल तर इनलँड व्हेसल्स अ‍ॅक्ट, २०२१ खाली तिची नोंदणी आणि सर्व्हे असतो. नवीन इंधनाची नळी आणि नवीन भोक सर्व्हेवाल्याला दाखवा. लपवलं आणि उद्या काही झालं तर विमा हात वर करेल.

पहिल्यांदा पेटवाल तेव्हा दिवसा, बोट काठाला, ताडपत्री सगळी वर. सुरुवातीला पांढरा धूर येतो, नळीत डिझेल पोचेपर्यंत दोन-तीनदा विझतोही. मग तासभर फुल्ल चालवून प्रत्येक जोडापाशी कार्बन मोनॉक्साइडचा मीटर धरा.

हा मीटर, म्हणजे अलार्म, हीटरच्या आधी ऑर्डर करा. मी तर म्हणतो आजच करा, शेगडी अजून आत असेल तर. खरेदी करताना त्यावर ईएन ५०२९१ हे मानक लिहिलंय का बघा. त्या मानकाचा अलार्म ३०० पीपीएमला तीन मिनिटांच्या आत वाजतो, १०० ला १० ते ४० मिनिटांत, ५० ला तासा-दीड तासात. नुसता आकडा दाखवणारा, नाव-गाव नसलेला डबा नको. झोपता तिथे, डोक्याच्या उंचीला लावा. सेन्सरला आयुष्य असतं, पाच-सात वर्षं, तारीख मागे छापलेली असते. वाजला तर बघत बसायचं नाही. सगळ्यांना उघड्यावर काढायचं, मग हीटर बंद. कोणाला गुंगी असेल तर काठाला लावून १०८. रेंज नसेल, आणि तिकडे बहुतेक नसतेच, तर बोट रेंजच्या दिशेने.

आणि हीटर घ्यायचाच नसेल तर

खरं सांगू? आपल्याकडची बोचरी थंडी दीड-दोन महिन्यांची. बऱ्याच लाँचना हीटरपेक्षा ताडपत्री नीट शिवून घेणं, बाकाखाली थर्माकोल आणि वर जाड घोंगडी एवढं पुरेल. गरम पाण्याची पिशवी मोठ्या माणसाच्या पायाशी उत्तम. बाळाच्या अंगाला ती लावू नका, कातडी भाजते. बाळासाठी सगळ्यात चांगला हीटर आईच आहे: बाळ पुसून कोरडं करायचं, डोक्याला टोपी, आईच्या उघड्या छातीवर कातडीला कातडी, वरून घोंगडी. याला कांगारू मदर केअर म्हणतात. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात हे सुरू झालं, कारण तिथे इन्क्युबेटर पुरत नव्हते. बोटीत हीटर असला तरीही हेच करायचं, आणि गरम हवेचं तोंड बाळावर सोडायचं नाही.

खर्चाचा क्रम विचाराल तर माझा असा आहे: आधी लाइफ जॅकेट, मग अलार्म, मग ताडपत्री, मग हीटर. २०१९ च्या मकर संक्रांतीला भुषाजवळ नर्मदेत भरलेली बोट उलटली आणि माणसं गेली, हे धडगावच्या लोकांना सांगायला नको.

शेवटचा प्रश्न दुसऱ्या एका श्रोत्याचा: बोटीला पेट्रोलचं आउटबोर्ड आहे, डिझेल टाकीच नाही, मग? मग हीटरसाठी पाच-सात लिटरची वेगळी धातूची टाकी, घट्ट झाकणाची, पट्ट्याने आवळलेली, आणि तिच्यावर रंगाने मोठ्या अक्षरात "डिझेल". अंधारात कोणीतरी त्यात पेट्रोल ओतणारच, म्हणून झाकणही वेगळ्या रंगाचं. आणि एक लक्षात ठेवा, पेट्रोल इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड डिझेलपेक्षा कितीतरी जास्त असतो. मागची ताडपत्री उघडी आणि पुढची बंद ठेवून बोट चालवली की हवा मागून आत ओढली जाते, इंजिनाच्या धुरासकट. तेव्हा चालत्या बोटीत पुढची बाजू थोडी उघडी ठेवा, वारा पुढून येऊन मागे जाऊ दे. थंडी वाजेल. टोपी घाला.